कोण उभं राहतंय हिच्यासोबत?

रामटेके सर वर्गात उशिरा येणाऱ्याकडे पुरावा मागत नसत. सोबती मागत.

म्हणजे असं, की एखादा मुलगा धापा टाकत आत आला आणि म्हणाला, "सॉरी प्रोफेसर, फ्रीवेवर अ‍ॅक्सिडेंट झाला होता," की सर हातातला मार्कर खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि वर्गाला विचारत, "कोण उभं राहतंय ह्याच्यासोबत?" कुणी उभं राहिलं तर उशीर माफ. कुणीच राहिलं नाही तर गैरहजेरी. उभं राहणाऱ्यानं तो अ‍ॅक्सिडेंट पाहिलेला असायची गरज नसे. हा मुलगा खोटं बोलणारा नाही, याची हमी मी घेतो, एवढंच त्यानं म्हणायचं. मात्र पुढं ते खोटं निघालं, तर दोघांच्याही नावापुढं गैरहजेरी लागायची. दीड हजार वर्षांपूर्वी युरोपातल्या फ्रँक लोकांच्या न्यायसभेत असंच चालायचं, हे आम्ही पुढं शिकणार होतो. सरांनी मात्र पहिल्या तासापासूनच तो कायदा आम्हाला लागू करून टाकला होता.

पहिल्याच तासाला उशीर झालेली बाई मीच. साल २००२. आम्ही पुण्याहून फ्रीमाँटला येऊन वर्ष होत आलं होतं. समीर, माझा नवरा, रोज सकाळी लॅपटॉप घेऊन सॅन होजेच्या दिशेनं निघून जायचा आणि मी टाउनहाउसच्या खिडकीतून समोरच्या टाउनहाउसची खिडकी बघत बसायची. माझा व्हिसा डिपेन्डन्टचा. नोकरी करायला बंदी, शिकायला नाही. म्हणून मी गावातल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. रेवा, आमची साडेतीन वर्षांची मुलगी, प्रीस्कूलमध्ये असायची त्या वेळेत बसणारा एकच कोर्स होता: मध्ययुगीन युरोपाचा इतिहास. फ्रँक म्हणजे कोण, हे मला माहीत नव्हतं. वेळ जुळत होती, बस्स.

आणि पहिल्याच दिवशी रेवा माझा पाय सोडेना. मी वर्गात पोचले तेव्हा तास अर्धा झाला होता. फळ्याजवळ बुटके, सावळे, डोक्यावर एकही केस नसलेले गृहस्थ उभे होते. अंगात सूट, गळ्यात टाय आणि पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज. मी अडखळत कारण सांगितलं. त्यांनी मार्कर ठेवला, चष्मा वर चढवला आणि तो प्रश्न विचारला. तिथं मला ओळखत कोण होतं? इतक्यात मागच्या बाकावरची एक जाडजूड बाई उठली. ही टेरेसा. मेक्सिकन, पन्नाशीची, हॉस्पिटलात रुग्णांची देखभाल करणारी. "मला चार मुलं आहेत प्रोफेसर," ती म्हणाली, "ही खरं बोलतेय. हिच्या पँटवर छोट्या हाताचा जॅम लागलाय." वर्ग हसला. सरांनी माझं नाव विचारलं, मी वृषाली म्हणाले, आणि हे गृहस्थ चक्क मराठीत म्हणाले, "बस. पुढं ये. मागं ऐकू येत नाही."

मी थक्क झाले. कॅलिफोर्नियात मराठी माणूस भेटण्याचं नवल नाही. एका दगडात दोन सॉफ्टवेअर इंजिनियर घायाळ होतील अशी आमची वस्ती. पण अमेरिकेतल्या गोऱ्या, मेक्सिकन, व्हिएतनामी पोरांना युरोपाचा इतिहास शिकवणारा नागपूरचा माणूस? हे माझ्या हिशेबात बसेना. मुलं त्यांना 'प्रोफेसर राम' म्हणून बघायची. सर त्यांना तिथल्या तिथं थांबवत. "राम नाही. रामटेके. तुम्हाला मेरोव्हिंजियन म्हणता येतं, मग रामटेके का येऊ नये?"

ते मेरोव्हिंजियन म्हणजे फ्रँकांचं पहिलं राजघराणं. त्यांची खूण लांब केस. राजाच्या वंशातल्या माणसानं केस कापायचे नाहीत. कुणी त्याचे केस कापले, की त्याचा राज्यावरचा हक्क गेला. हे शिकवताना सर स्वतःच्या टकलावरून हात फिरवत आणि म्हणत, "मला राज्य मिळायचा चान्सच नव्हता." दर सत्रात वर्गात पोनीटेलवाला एखादा मुलगा असायचाच. सर त्याला त्या घराण्यातला क्लोव्हिस राजा करून खुर्चीवर बसवत आणि मग आठवडाभर 'महाराज' म्हणूनच हाक मारत. शार्लमेनबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज मऊ व्हायचा. एवढा मोठा सम्राट, पण त्याला लिहिता येत नव्हतं. म्हातारपणी शिकायला बसला. उशीखाली पाटी ठेवून झोपायचा, वेळ मिळेल तेव्हा अक्षरं गिरवायचा. फारसं जमलं नाही. "पण पाटी उशीखाली होती," सर म्हणायचे, "ते महत्त्वाचं."

फ्रँकांसारख्या जर्मन टोळ्यांना ते सरळ 'युरोपातले आदिवासी' म्हणत. एकदा एका मुलानं चिडून विचारलं, "तुम्ही आमच्या पूर्वजांना जंगली म्हणताय का?" सर म्हणाले, "मी नाही रे बाबा. रोमन म्हणायचे. प्रत्येकाचे कुणीतरी रोमन असतात." आणि लगेच दुसरी बाजूही सांगून टाकली. फ्रँकांच्या कायद्यात माणूस मारला तर भरपाई द्यावी लागे, आणि फ्रँक माणसाची भरपाई रोमन माणसाच्या दुप्पट. "म्हणजे राज्य आलं, की हे रानटीही माणसांचे भाव ठरवायला शिकले," असं म्हणून ते पाणी प्यायचे. पुढं काही बोलायचे नाहीत. मला मात्र त्या पाणी पिण्यात बरंच काही ऐकू यायचं.

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी सरांना आणि त्यांच्या बायकोला, शीलाकाकूंना, आग्रहानं घेऊन गेले. ते एरवी यायचे नाहीत. त्यांचं आपलं वेगळं वर्तुळ होतं. सहा डिसेंबरला, चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला विदर्भातली, मराठवाड्यातली मंडळी त्यांच्या घरी जमायची. मंडळात जेवणाच्या रांगेत एका गृहस्थानं त्यांना गाठलं. "काय हो, तुम्ही मराठी असून हे युरोप-बिरोप कशाला शिकवता? आपले शिवाजी महाराज शिकवा ना यार, या लोकांना कळू दे!"

सर बटाट्याची भाजी वाढून घेत होते. शांतपणे म्हणाले, "आपल्याकडच्या इतिहासात मी विद्यार्थी नसतो हो, पक्षकार असतो. फ्रँकांच्या शेताला माझा बांध लागत नाही. निवांत बघता येतं." गृहस्थ 'हो का, हो का' करत पुढं सरकले. सर मला हळूच म्हणाले, "आणि खरं सांगू? गोऱ्यांनी आपल्याकडं येऊन लय डोकी मोजली. म्हटलं, आपणही जाऊन त्यांची मोजून पाहावी."

हे मला तेव्हा कारण म्हणून पुरलं. खरं कारण कळायला मला संकटात सापडावं लागलं.

झालं असं. दुसऱ्या सत्रात सरांचं एक छोटं ऑपरेशन निघालं आणि ऐन परीक्षेच्या वेळी ते दोन आठवडे रजेवर गेले. त्यांच्या जागी मिस हॉलोवे नावाची तरुण शिक्षिका आली. मुलगी चांगली होती, कामात चोख. पेपरात प्रश्न आला: क्लोव्हिसच्या मृत्यूनंतर त्याच्या चार मुलांत राज्याची वाटणी कशी झाली? माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. कारण पाठ्यपुस्तकातली त्यावरची दोन पानं मला तोंडपाठ होती. नुसती पाठ नाही, स्वल्पविरामासकट. पोळ्या लाटताना मी ती घोकली होती. थ्यूडेरिक, क्लोडोमर, चिल्डेबर्ट, क्लोथार ही चार भावांची नावं रेवासुद्धा बाथटबमध्ये चालीवर म्हणायची. मी दोन्ही पानं जशीच्या तशी उतरवली आणि समाधानानं घरी आले.

आमच्या शाळेत याला हुशारी म्हणत. पुस्तकातल्यासारखं उत्तर लिहिलं की बाई वर्गात पेपर वाचून दाखवायच्या. उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावं, असं मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. उलट स्वतःचे शब्द आले की मार्क जायचे. अमेरिकेत नेमकं उलटं असतं, हे मला मिस हॉलोवेंच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी मला बोलावलं, माझा पेपर आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवलं आणि विचारलं, "हे कशावरून उतरवलंत?"

"कशावरूनही नाही. पाठ आहे."

"दोन पानं?"

"हो."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. एखाद्यानं मी काल उडत आलो म्हटलं तर आपण बघू तसं. मग म्हणाल्या, की नियमाप्रमाणे त्यांना हे प्रकरण कॉलेजच्या शिस्त समितीकडं पाठवावं लागेल. आणि पाठवलंही. कॉपीचा शिक्का बसला असता तर तो रेकॉर्डवर कायमचा राहिला असता आणि पुढं युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळायची वाट बंद. मला शिक्षिका व्हायचं होतं. या देशात स्वतःच्या नावानं काहीतरी करायचा तेवढा एकच रस्ता माझ्यापुढं होता.

मी घरी येऊन रडले. समीर म्हणाला, "अगं, सिंपल आहे. समितीपुढं उभी राहा आणि घडाघडा म्हणून दाखव. प्रूफच आहे ना तुझ्याकडं! विषय क्लोज." मला पटलं. मी ती दोन पानं पुन्हा घोकायला लागले. आता रेवासुद्धा कंटाळली. "आई, नॉट अगेन!"

सर रजेवरून आले तोवर प्रकरण त्यांच्या हाताबाहेर गेलं होतं. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. शीलाकाकूंनी सांबारवडी केली होती. नागपूरकडं कोथिंबिरीला सांबार आणि 'पाहा'ला 'पाय' म्हणतात, हे मला त्या घरात कळलं. घरात सर वर्गातलं इंग्रजी आणि पुणेरी वळणाचं मराठी दोन्ही काढून ठेवत आणि नागपूरचं बोलत.

"कायले घाबरून राहिली तू?" ते म्हणाले. "उद्या मी येतो नं."

समीर म्हणाला, "सर, ती म्हणून दाखवणारच आहे. तयारी झालीये पूर्ण."

सरांनी वडी खाली ठेवली. "नाही. म्हणून नाही दाखवायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. फ्रँकांकडं आरोपीपुढं दोन रस्ते होते. एक, उकळत्या पाण्यात हात घालायचा आणि तळातली वस्तू काढून दाखवायची. हात नीट बरा झाला तर तू खरा. दुसरा, आपली माणसं सोबत आणायची. ती म्हणतील, आम्ही काही पाहिलं नाही, पण ह्याच्या शपथेसोबत आमची शपथ. उद्या आपण दुसऱ्या रस्त्यानं जाऊ."

समीरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो माझ्यासाठी भांडत होता, हे मला कळत होतं. "सर, विथ ऑल रिस्पेक्ट, हिचं करिअर आहे. इथं पाचव्या शतकातला कायदा कशाला ट्राय करायचा? पाच मिनिटांत प्रूव्ह होणारी गोष्ट आहे!"

सर ताटलीतली वडी नुसती फिरवत राहिले. शीलाकाकूच म्हणाल्या, "सांगा नं त्याइले. कधी सांगत नाही तुम्ही."

मग त्यांनी सांगितलं. "आठवीत होतो. बाप गिरणीत होता. आमच्या वस्तीतला त्या वर्गात मी एकटाच. संस्कृतचा पेपर होता. सुभाषितं सगळी पाठ केली होती, एक काना इकडचा तिकडं नाही. मास्तर म्हणे, हे तुझं नव्हे, कुठून उतरवलं? मी म्हटलं, पाठ आहे. तर दुसऱ्या दिवशी दोन तुकड्या एकत्र बसवल्या, मले बेंचवर उभं केलं, आणि म्हणे, म्हण. मी म्हटलं. सगळं म्हटलं. टाळ्या पडल्या. मास्तरनं पाठ थोपटली. बाप इतका खूश झाला, की त्यानं वस्तीत जिलेबी वाटली."

"मग चांगलंच झालं ना सर," समीर म्हणाला.

"मलेही तसंच वाटलं होतं. पुढच्या परीक्षेनंतर गणिताच्या मास्तरनं फळ्यापाशी बोलावलं. मग इंग्रजीच्या. रागानं नाही हो, कौतुकानं. 'रामटेके, म्हणून दाखव.' पाय पोरी, एक हात उकळत्या पाण्यात घातला, की लोक दुसरा मागतात. मी इथं आलो, डॉक्टरेट केली, तरी कुणी अवघड प्रश्न विचारला की मी मनातल्या मनात त्या बेंचवर चढत होतो. त्या दिवशी वर्गातला एक पोट्टा जरी उठून म्हणाला असता, मास्तर, प्रभाकर खोटं नाही बोलत, तर आपलं फ्रँकांशी काही लेणंदेणं नसतं. पुढं कॉलेजच्या लायब्ररीत एका इंग्रजी पुस्तकात ही सोबत्यांची रीत वाचली. म्हटलं, ज्याइले जग रानटी म्हणते, त्यांच्याकडं ही सोय होती! तेव्हापासून नाद लागला."

घरी परतताना मिशन बुलेवार्डच्या सिग्नलला समीर म्हणाला, "तू ठरव. मी आहे." मला ठरवायला सोपं गेलं नाही. सरांची गोष्ट काळजाला लागली होती, पण बुडाले असते तर मी बुडाले असते. शेवटी मी मनाशी म्हटलं, ज्या माणसानं मला आयुष्यात पहिल्यांदा 'पुढं ये, मागं ऐकू येत नाही' म्हटलं, त्याच्यावर एवढा विश्वास टाकायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडं तीन जण, मधोमध अध्यक्षबाई. एका कडेला मिस हॉलोवे. आमच्या बाजूला मी, समीर, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत दोन पाळ्यांच्या मधे धावत आलेली टेरेसा आणि सूट, टाय, पांढऱ्या बुटांतले सर. मंडळातल्या दोघींना मी विचारलं होतं. एकीच्या मुलाचा पियानोचा क्लास होता. दुसरी म्हणाली, "अगं, व्हिसाचं असतं, आपण कशाला नसत्या लफड्यात पडायचं?" तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. परक्या देशात भीतीचं घर मोठं असतं.

अध्यक्षबाई समजूतदार होत्या. कागद वाचून म्हणाल्या, "प्रोफेसर रामटेके, मला यात एक सोपा मार्ग दिसतो. या म्हणतात पाठ आहे. मग म्हणून दाखवू देत. आलं तर इथंच संपवू."

मी तोंड उघडलंच होतं. पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं. सरांनी माझ्याकडं न बघता फक्त तळहात वर केला.

"मॅडम, ती म्हणेल," सर म्हणाले. "मला शंका नाही. म्हणूनच तिला म्हणायला लावू नका. ज्या मुलांचं उत्तर तुम्हाला त्यांच्या तोंडी शोभतं असं वाटतं, त्यांना तुम्ही कधी इथं बोलावून तपासत नाही. आज ही सिद्ध करेल आणि सुटेल. उद्या हिच्यासारखं नाव असलेला पुढचा विद्यार्थी आला, की तुम्ही म्हणाल, तिनं म्हणून दाखवलं होतं, तूही दाखव. मी तिला लिहिताना पाहिलेलं नाही. मी तेव्हा अंथरुणावर होतो. पण वर्षभर ही माझ्यापुढं बसली आहे. न वाचता आली तर न वाचता आले म्हणते. ती खोटं बोलत नाही, ही माझी शपथ. माझं नाव तिच्या नावासोबत लिहा. खोटी निघाली तर चौकशी माझ्यावरही लावा."

मग टेरेसा उठली. तिनं एवढंच सांगितलं, की ही बाई स्वतःची उशिरा येण्याची कारणंसुद्धा नीट सांगू शकत नाही, ही कॉपी काय करणार! समीर उठला आणि काय बोलायचं ते विसरला. शेवटी म्हणाला, "मी तिचा नवरा आहे, माझं काय धरायचं ते धरा. पण त्या चार भावांनी आमच्या घरात वैताग आणलाय." अध्यक्षबाईंना हसू आवरलं नाही.

त्यांनी मिस हॉलोवेंकडं वळून विचारलं, "तुम्ही काही पाहिलंत?" त्यांनी माझा पेपर मिटून ठेवला. मग स्वच्छपणे म्हणाल्या, "नाही. मी सगळा वेळ बाकांमधून फिरत होते. हिच्याजवळ एकही कागद नव्हता. कुणाला दोन पानं पाठ असू शकतात, याची मला फक्त कल्पना करता आली नाही."

समितीनं कॉपीचा आरोप काढून टाकला. पुस्तकातले शब्द पुस्तकाचं नाव न सांगता वापरले, ही चूक मात्र नोंदली आणि पेपर पुन्हा लिहायला सांगितला. बाहेर पडल्यावर मी सरांच्या पाया पडायला वाकले, तर ते बाजूला झाले. "हे नको. आणि ऐक, समितीत बोललो ते बोललो, आता तुझी हजामत. पाठ करणं गुन्हा नाही. पण ती दोन पानं तुझी नाहीत. त्या चार भावांबद्दल तुले काय वाटते?" मी म्हटलं, मला काहीच वाटत नाही. "मग वाटेपर्यंत लिहू नको," असं म्हणून ते टेरेसाला कॉफी पाजायला घेऊन गेले. मी आठवडाभर विचार केला आणि लिहिलं, की चौघांत वाटणी करणारा बाप शहाणा असेल, पण चौघांच्या आयांना कुणी विचारलं होतं का? मला 'बी' ग्रेड मिळाली. आयुष्यातला माझा पहिला स्वतःचा मार्क.

त्या दिवसानं मला काय दिलं, हे समजायला वर्षं गेली. मी युनिव्हर्सिटीत गेले, पुढं शिक्षिका झाले, गोऱ्या पालकांच्या मीटिंगांना सामोरी गेले. माझ्या उच्चारांवर कुणी भुवई उंचावली, माझी पदवी कुठली असं दोनदा विचारलं, तर राग आला, पण मी कधी मनातल्या मनात बेंचवर चढले नाही. सरांनी तो बेंच माझ्या वाट्याला येऊच दिला नव्हता. स्वतः जन्मभर त्यावर उभे राहून त्यांनी तो माझ्यापुरता मोडून टाकला. या ऋणातून मी उतराई होणार नाही आणि व्हायचंही नाही.

पुढं सरांची किडनी गेली. २००७ साली आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि त्यातला मंगळवार मी मागून घेतला. मी गाडी चालवायची, ते शेजारी बसून फ्रँकांच्या भानगडी सांगायचे. एका मंगळवारी परतताना ते फार थकलेले होते, बोलत नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "सर, एक विचारू? एवढ्या वर्षांत तुम्ही मला कधी ती दोन पानं म्हणायला सांगितली नाहीत. एकदा ऐका ना. मला अजून येतात."

त्यांनी डोळे उघडले. "नको."

"अहो सर, आता कुठली समिती आहे? गंमत म्हणून."

"गंमत म्हणूनच तर सगळे म्हणत होते." मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "पाय, आज मी ऐकलं, तर त्या दिवशीची माझी शपथ ती शपथ नाही राहत. ती उधार परीक्षा होऊन जाते. राहू दे. मले माहीत आहे नं." आणि थोड्या वेळानं, "एक्झिट चुकून राहिली तू." खरंच चुकली होती.

२००८च्या वसंतात सर गेले. त्यांच्या घरी बुद्धवंदना झाली. मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. नागपूरकडची मंडळी होती, कॉलेजातली होती, एका कोपऱ्यात पोनीटेल पिकलेला एक जुना क्लोव्हिसही होता. मिस हॉलोवे आल्या होत्या. सर मला नेहमी 'जय भीम' म्हणायचे आणि मी नेहमी 'नमस्कार सर' म्हणायची. त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. त्या दिवशी शीलाकाकूंचे हात हातात घेताना माझ्या तोंडून आपसूक 'जय भीम, काकू' आलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "जेवली का?"

निघताना टेरेसा माझ्या गाडीपाशी आली. डोळे सुजलेले. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, "वृषाली, एक सांगशील? मी तुझ्यासाठी शपथ घेतली होती. घेतली ती घेतली. पण तुला ती पानं खरंच पाठ होती?"

मला हसू फुटलं. पाच वर्षं ही बाई हा प्रश्न पोटात घेऊन फिरत होती! मी म्हटलं, "थांब, आत्ता म्हणते." पहिलं वाक्य जिभेवर आलंसुद्धा. टेरेसानं घाईघाईनं तळहात वर केला, अगदी सरांसारखा. "नको, नको. प्रोफेसर रागावतील."

ती दोन पानं मला अजून पाठ आहेत. पोळ्या लाटताना कधी कधी आपोआप सुरू होतात. थ्यूडेरिक, क्लोडोमर, चिल्डेबर्ट, क्लोथार. मग मी पोळी उलटते आणि गप्प होते. आजवर कुणालाही म्हणून दाखवलेली नाहीत.